पाऊण किलोहर्ट्झचा वाइडबँड

गेल्या आठवड्यात व्हायवा झाली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, डिप्लोमाच्या मुलांना शिकवता शिकवता एम.टेक.चा प्रकल्प पुरा करणं हे एरवी कुणाला सांगण्यासारखं नाही. पण या विषयावर मराठीत शोधलं तेव्हा मला काहीच सापडलं नव्हतं. रत्नागिरीत बसून, हाताशी प्रयोगशाळा नसताना लिनियर फेज मॉड्युलेटर करायला निघालेलं आणखी कुणी असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितेय.

जुलै २०२३ मध्ये विषय ठरला. सर्किट सांगायला सोपं आहे. ७० मेगाहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे संदेश वाहून नेणारी लहर, घ्यायचा (सॅटेलाइट अर्थ स्टेशनांमध्ये मधली फ्रिक्वेन्सी म्हणून ७० सर्रास वापरतात) आणि सिग्नलचं व्होल्टेज जेवढं, तेवढ्याच प्रमाणात त्याची फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठे आहे ती जागा, पुढेमागे करायची. व्होल्टेज दुप्पट तर फेजही दुप्पट, हा झाला लिनियर. हे प्रमाण बिघडलं की एकाच कॅरियरवर बसवलेले वेगवेगळे सबकॅरियर (आपापला संदेश घेतलेल्या दुय्यम लहरी) एकमेकांत मिसळतात आणि पलीकडच्या टोकाला निस्तरता येत नाहीत. वाइडबँड म्हणजे हे सगळं संथ सिग्नललाच नव्हे, तर ५ मेगाहर्ट्झपर्यंतच्या सिग्नललाही जमलं पाहिजे.

ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस कमिटीपुढे गेला. पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "मॅडम, आज हे डीडीएस चिपमध्ये आकड्यांनी होतं. व्हॅरॅक्टर घेऊन कशाला बसताय?" (डीडीएस म्हणजे लहरच आकड्यांवरून घडवणारी चिप, आणि व्हॅरॅक्टर म्हणजे व्होल्टेजने ज्याची कपॅसिटन्स बदलते तो डायोड.) मी खरं ते सांगितलं. तशा चिपचा बोर्ड आणि तो तपासायची उपकरणं आमच्याकडे नाहीत, आणि फेज म्हणजे नेमकं काय हे मला स्वतःच्या हाताने वळवून बघायचं आहे. एकाने मान हलवली, दुसऱ्याने शीर्षकात 'डिझाइन अँड इम्प्लिमेंटेशन' घालायला सांगितलं. त्या तीन शब्दांसाठी सिनॉप्सिस पुन्हा टाइप, पुन्हा तीन सह्या आणि सतरा दिवस. तोवर १९ सप्टेंबरला गणपती आले. गणपतीत कोकणात कुणाच्या सह्या मिळत नाहीत. मागायलाही जाऊ नये.

ऑक्टोबरमध्ये सामान. कॉलेजकडून घ्यायचं तर तीन कोटेशनं, आणि कोटेशनवर जीएसटी नंबर हवा. चाळीस डायोड आणि दहा टोरॉइडसाठी (तार गुंडाळायची चुंबकीय कडी) तीन दुकानांनी कोटेशन का द्यावं? दोघांनी फोनच ठेवून दिला. शेवटी पदरचे पैसे घालायचे ठरवलं आणि एका शुक्रवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघाले. सकाळी दादरला उतरून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडची दुकानं उघडेपर्यंत दोन चहा झाले.

मला एमव्ही२०९ हवे होते. दिसायला साधा दोन पायांचा ट्रान्झिस्टर वाटावा असा व्हॅरॅक्टर डायोड. उलट्या दिशेने ३ व्होल्ट दिले की त्याची कपॅसिटन्स साधारण २९ पिकोफॅरड, आणि व्होल्टेज वाढवत गेलं की ती उतरत जाते. दुकानदार म्हणाला, "ताई, सेम आहे, घेऊन जा." मी चाळीस घेतले. घरी येऊन एकेक मोजला तर पंधरा डायोड व्हॅरॅक्टर नव्हतेच, व्होल्टेज कितीही फिरवलं तरी कपॅसिटन्स जागची हलेना. त्यामुळे दुकानात जाताना मोजायचं काहीतरी सोबत न्या. माझा नॅनोव्हीएनए (लहर किती जाते, किती परतते आणि तिची फेज किती वळते हे मोजणारं छोटं यंत्र) सहा हजाराला पडला आणि वर्षभर त्याच्यावाचून पान हललं नाही. नंतर टायनीएसए नावाचा चिमुकला स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकद आहे ते दाखवणारा, सात हजाराला घेतला. मोठा खर्च एवढाच.

आता सर्किट थोडं उलगडून सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. ९० अंशांचा हायब्रिड म्हणजे चार दारांची खोली समजा. एका दारातून आत आलेला कॅरियर दोन दारांत निम्मा निम्मा वाटला जातो. त्या दोन दारांशी एकेक व्हॅरॅक्टर आणि त्याच्याबरोबर एक कॉइल लावायची. लहर तिथे आपटून परत फिरते आणि दोन्ही परतलेल्या लहरी चौथ्या दारातून एकत्र बाहेर पडतात. परतताना फेज किती वळेल हे व्हॅरॅक्टरवरचं व्होल्टेज ठरवतं. फक्त दोन्ही डायोड जुळे हवेत. मी उरलेले पंचवीस ६ व्होल्टवर मोजले, कपॅसिटन्सप्रमाणे रांगेत लावले आणि शेजारचे दोन-दोन उचलून जोड्या केल्या. एका संध्याकाळचं काम, पण ते टाळू नका.

हायब्रिड विकत घेतला नाही. पिवळ्या टी ३७-६ टोरॉइडवर दोन तारा एकत्र पिळून सहा वेढे आणि दोन कपॅसिटर, झाला हायब्रिड. गणिताने कॉइल ११४ नॅनोहेन्री येते आणि कपॅसिटर प्रत्येकी २२.७ पिकोफॅरड. मी २२ चे लावले आणि मध्यबिंदू ७० ऐवजी ६१ ला येऊन बसला. तीन दिवस कॉइलला दोष देत वेढे काढले, घातले. चूक अशी की पिळलेल्या दोन तारांमध्ये स्वतःचीच कपॅसिटन्स असते, ती वजा करायची असते. १५ चे कपॅसिटर लावले आणि ७० वर आला. पुस्तकात हे एका ओळीत असतं. ती ओळ तेव्हा डोळ्यांखालून गेली होती, डोक्यात शिरली नव्हती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला टप्पा, म्हणजे एक हायब्रिड आणि डायोडची एक जोडी, चालला. व्होल्टेज ४ पासून ८ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने वाढवत फेज वहीत लिहिली. एकूण १३६ अंश वळली. आलेख काढला तर मधोमध ताठ रेघ आणि दोन्ही टोकांना खांदे पाडून बसलेली. टोकाला ८० अंश अपेक्षित होते तिथे ६८ च्या आसपास. यात डायोडचा दोष नाही. परतणाऱ्या लहरीची फेज आर्कटॅनने (टॅन्जंटवरून कोन काढणाऱ्या फलनाने) ठरते आणि आर्कटॅन मधल्या भागातच सरळ असतो.

इथे मार्गदर्शक सरांनी एकच वाक्य सांगितलं आणि त्याच्या जोरावर अर्धा प्रबंध उभा राहिला. "एकाला फार ताणू नका, चौघांत वाटा." आर्कटॅनच्या विस्तारातून हिशेब केला तर तिसऱ्या हार्मोनिकचं (मूळ सुराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या नकोशा सुराचं) प्रमाण ताणाच्या वर्गाने बदलतं. ताण निम्मा केला की वाकडेपणा पाव. दोन टप्प्यांकडून २.४ रेडियन (साधारण १३८ अंश) काढायचे तर प्रत्येकावर जवळजवळ २ व्होल्टचा हेलकावा लागतो आणि विकृती ४ टक्क्यांच्या घरात जाते. तेच काम चार टप्प्यांत वाटलं तर प्रत्येकाला ०.९ व्होल्ट पुरतात आणि विकृती १ टक्क्याच्या आत येते. बदल्यात दर टप्प्याला सव्वा डेसिबल तोटा. तो एका ॲम्प्लिफायरने भरून निघतो.

एफएमचा जनक आर्मस्ट्राँग यानेही १९३० च्या दशकात फेज अगदी थोडी वळवली होती. पुढे फ्रिक्वेन्सी गुणत गुणत त्याने ते वळण मोठं केलं, कारण फ्रिक्वेन्सी जितकी पट तितकी पट फेजचं वळणही वाढतं. तोही रस्ता मी पाहिला. पण वळणाबरोबर गोंगाटही वाढतो आणि दर गुणाकाराला नवा फिल्टर लागतो. चार सारखे टप्पे मला जास्त झेपणारे होते.

जानेवारीत प्रगती सेमिनार. स्लाइडवर सरळ रेघ पाहून कमिटी खूश, मीही खूश. त्याच रात्री घरी पहिल्यांदा डीसी सोडून खरा सिग्नल दिला. १ किलोहर्ट्झला सिग्नल मलूल. १० किलोहर्ट्झला जवळजवळ काहीच नाही. मी जनरेटर बदलला, केबल बदलली, शेवटी चष्मा पुसला. ५ मेगाहर्ट्झ लिहिलेला सिनॉप्सिस मंजूर होऊन चार महिने झाले होते आणि माझ्या वाइडबँड मॉड्युलेटरची पट्टी भरली पाऊण किलोहर्ट्झ! टेलिफोनवर माणसाचा आवाजही त्यातून धड गेला नसता.

तो आठवडा वाईट गेला. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "गो, जेवतंस ना?" मी हो म्हणायचे आणि ताट झाकून ठेवायचे.

कारण सापडलं ते कागदावर, सोल्डरिंग गन बाजूला ठेवल्यावर. सवयीने मी बायस, म्हणजे डायोडला कायम लागणारं स्थिर व्होल्टेज, द्यायला १०० किलोओमचा रेझिस्टर लावला होता, आणि डीसी अडवायला १ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर. ७० मेगाहर्ट्झच्या नजरेने हे दोन्ही बिनदोष. पण मॉड्युलेट करणाऱ्या सिग्नलला तेच दोन कपॅसिटर भरावे लागतात, आणि तेही १०० किलोओमच्या चिंचोळ्या नळीतून. रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले २π करून उलटं केलं की जेमतेम ८०० हर्ट्झ येतात. सातवीतल्या मुलालाही जमेल असा गुणाकार मी चार महिने केला नव्हता.

उपाय केला तो असा: अडवणारे कपॅसिटर १०० पिकोफॅरडचे केले, त्यांच्यामुळे बिघडलेला मेळ जमवायला व्हॅरॅक्टरजवळची कॉइल ३०० वरून ३५० नॅनोहेन्री, रेझिस्टर १०० ओम आणि त्याच्या जोडीला १ मायक्रोहेन्रीचा चोक (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी कॉइल). शिवाय प्रत्येक टप्प्याला आपापला एमिटर फॉलोअर, म्हणजे भरण्याचा भार मूळ सिग्नलवर पडत नाही. आता एकटा टप्पा ५ मेगाहर्ट्झला व्यवस्थित चालू लागला. फेब्रुवारी संपता संपता चारही टप्पे एका पट्टीवर जोडले. मोकळ्या तांब्याच्या पत्र्यावर बेटं चिकटवून केलेली ती पट्टी दिसायला गचाळ, पण दुरुस्तीला सोयीची.

आता बेसेलची परीक्षा (बेसेल या गणितज्ञाच्या फलनांवरून हे नाव). ही पद्धत मला फार आवडते, कारण त्यात महागडं काही लागत नाही. कॅरियरवर १०० किलोहर्ट्झचा एकच सूर द्यायचा आणि पातळी हळूहळू वाढवायची. फेजचं वळण बरोबर २.४०५ रेडियनला पोचलं की मधला कॅरियर नाहीसा होतो. सगळी ताकद शेजारच्या काड्यांत जाते. टायनीएसएच्या पडद्यावर ती मधली काडी बुटकी होत गेली आणि गोंगाटात बुडाली. जनरेटरवर पाहिलं, ०.९ व्होल्ट. कागदावर आलं होतं ०.८८. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. कुणाला उठवून दाखवणार? मी फोटो काढला आणि पुन्हा तीनदा करून पाहिलं.

(हे सगळं केबलमधून, मध्ये ॲटेन्युएटर लावून. अँटेना लावायची नाही. ७० मेगाहर्ट्झवर आपल्याला प्रक्षेपणाची परवानगी नसते, हे विद्यार्थ्यांनाही आधीच बजावा.)

दुसऱ्या दिवशी सूर १ मेगाहर्ट्झवर नेला, ठीक. ३ वर थोडं उतरलं. ५ मेगाहर्ट्झला वळण निम्म्याहूनही खाली. एकेकटे टप्पे ठणठणीत, चौघे एकत्र आले की ढेपाळतात. सरांना फोन केला तर ते म्हणाले, शिमग्यानंतर या, मी गावी आहे. मीही गावाला गेले. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात.

पालखी सहाणेवर (ती टेकवायच्या चौथऱ्यावर) यायच्या आधी वाटेत एक चढण आहे. तिथे पुढचे दोघे पायरी चढतात तेव्हा मागचे अजून सपाटीवर असतात. कालपर्यंत मुंबईत असलेली दोन पोरं मागे होती. ती ढोलाच्या ठेक्यावर अचूक पाय टाकत होती आणि पालखी मात्र झोल खात होती. एका म्हाताऱ्या मानकऱ्याने ओरडून सांगितलं, "ढोलाकडं नको बघू रे, पुढच्याच्या पायाकडं बघ!" मी नारळ हातात घेऊन उभी होते आणि माझं लक्ष देवावरून उडालं, हे कबूल करते.

माझे चारही टप्पे एकाच ढोलावर पाय टाकत होते. सिग्नल चौघांना एकाच क्षणी मिळत होता. पण कॅरियर पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात पोचायला वेळ लागतो. घरी परतल्याबरोबर नॅनोव्हीएनएवर ग्रुप डिले (टप्पा पार करायला सिग्नलला होणारा उशीर) लावला तर दर टप्प्याला ३२ नॅनोसेकंद! चौथ्या टप्प्यापर्यंत ९६. ५ मेगाहर्ट्झचं एक आवर्तनच २०० नॅनोसेकंदांचं, म्हणजे शेवटचा टप्पा जवळजवळ अर्धं आवर्तन उलटून गेलेल्या कॅरियरला ढकलत होता. बेरीज करून पाहिली: ५ मेगाहर्ट्झला वळण ४७ टक्के उरायला हवं. मोजलेलं ४५ होतं. इतका वाईट आकडा पाहून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मग सिग्नललाही टप्प्याटप्प्याने ३२ नॅनोसेकंद उशीर करायचा. त्याला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे लांब केबल. आमच्या आळीतल्या केबलवाल्या दादाकडे आरजी-६ चे उरलेले तुकडे पडलेले असतात. "मॅडम, डिश लावताय काय?" म्हणत त्याने पंचवीस मीटरचं भेंडोळं दिलं, पैसे घेतले नाहीत. मी मीटरला ५ नॅनोसेकंद धरून ६.४ मीटरचे तीन तुकडे कापले. ते मोजल्यावर निघाले २६ नॅनोसेकंदांचे. ५ हा आकडा भरीव पॉलिथिनच्या केबलचा. आरजी-६ मध्ये फेसासारखं सच्छिद्र पॉलिथिन असतं, त्यात लहर जास्त वेगाने जाते, मीटरला सुमारे ४.१. परत दादाकडे. या वेळी आधी मोजलं आणि मग ७.८ मीटरवर कापलं. केबल ७५ ओमची आहे, त्यामुळे शेवटी ७५ ओमचाच रेझिस्टर लावा, ५० चा नको, नाहीतर सिग्नल टोकाला आपटून माघारी येतो.

तीन भेंडोळी कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगली, कारण टेबलावर जागा नव्हती. ५ मेगाहर्ट्झपर्यंत वळण १ डेसिबलच्या आत सपाट आलं. तारीख ४ एप्रिल.

पुढचं थोडक्यात. मे महिना लिहिण्यात गेला. साहित्यचौर्य तपासणीत माझ्याच सिनॉप्सिसशी जुळणी निघाली, कारण तो आधीच प्रणालीत चढवलेला होता. तो वगळावा म्हणून वेगळा अर्ज, त्यावर सही, अकरा दिवस. तुमचा सिनॉप्सिस शब्दशः प्रबंधात घालू नका, एवढं केलंत तरी ते अकरा दिवस वाचतील. पाच प्रती काळ्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत, प्रत्येकी साडेतीनशे रुपये. पहिल्या खेपेला कण्यावर वर्ष चुकीचं छापून आलं.

पाऊस लागला आणि वेगळीच पंचाईत झाली. आमचं घर मिऱ्याच्या बाजूला, खारा वारा थेट घरात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पट्टी बाहेर काढली तर तांबं हिरवं, मधोमधच्या बायसला गळती, तिसरा टप्पा मेलेला. व्हायवाला दहा दिवस. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन सगळं घासलं, हेअर ड्रायरने सुकवलं, तिसऱ्या टप्प्याची डायोडची जोडी बदलली (राखीव जोडी ठेवा), आणि वरून पारदर्शक लॅकरचा हात दिला. ते मुळात डिसेंबरमध्येच करायला हवं होतं. मग सगळं चिवड्याच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डबा उघडताना पाहिलं आणि विचारलं, "हे काय, फराळ?" मग चाळीस मिनिटं त्यांनी मला सोडलं नाही. मध्यभागी तोटा जास्त आणि टोकांना कमी का, हे विचारलं. रेझोनन्सला कॉइल आणि डायोडच्या रोधातून सगळ्यात जास्त प्रवाह जातो म्हणून, हे सांगता आलं. त्याने कॅरियरच्या उंचीवर जो हेलकावा बसतो तो काढायला लिमिटर (लहरीची उंची एकसारखी ठेवणारं सर्किट) का नाही लावला, याला उत्तर नव्हतं. वेळ संपला, एवढंच मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं आणि ७० वर ती मधली काडी बुडताना स्वतः बटण फिरवून दोनदा पाहिली.

सगळा खर्च उपकरणं धरून साडेबावीस हजार, त्यात मुंबईच्या दोन फेऱ्या आल्या. पट्टी आता कॉलेजच्या कपाटात आहे, डब्यासकट. ७.८ मीटरची भेंडोळी तिच्याबरोबर. ६.४ ची तीन मी केबलवाल्या दादाला परत नेऊन दिली. त्याने एक तिथल्या तिथे हाताने मापलं, म्हणाला, "हा चालेल, गच्चीवरून खाली यायला बरोबर," आणि खांद्यावर टाकून गेला.